मयताचा सांगावा आणि चौदा नंबरची वही

आपल्या पोरांची मयताच्या रजिस्टराशी गाठ पडते ती एकाच कामासाठी. जातपडताळणी. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला नसतो, कारण पणजोबा शाळेत गेलेले नसतात. सातबारा नसतो, कारण जमीन नसते. मग कोणी अनुभवी माणूस सांगतो, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन गाव नमुना नंबर १४ बघा. जुन्या काळी या नमुन्यात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिले जात आणि त्यात जातीचा रकाना असे. (मागताना 'जुना, जन्ममृत्यूचा' असे स्पष्ट सांगा. हल्लीच्या तलाठी दप्तरात १४ नंबर म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंद. तुमच्या हातात विहिरींची यादी येईल.) त्या वहीत पणजोबांचा लहानपणीच वारलेला एखादा भाऊ सापडतो, त्याच्या नावापुढे जात सापडते, आणि पोराचा प्रवेश वाचतो. नक्कल घेतली की वही बंद. तो भाऊ कोण होता, कशाने गेला, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आम्हाला ती वही दुसऱ्या एका कामासाठी उघडायची आहे. ज्यांच्याबरोबर आपण कधीकाळी काम केले, एकाच ताटात जेवलो, आणि मग ज्यांचा पत्ता सुटला, ती माणसे आज आहेत की गेली, हे सरकारी कागदांवरून कळते का? डहाणू तालुक्यातल्या कासा परिसरात आम्ही काही जण गेले वर्षभर हाच उद्योग करत आहोत. त्यातून आमचे एक मत पक्के झाले. माणूस कागदावर मरतो तो त्याच्या जमिनीमुळे, नोकरीमुळे किंवा वारसांच्या खटपटीमुळे. ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो मेल्यावरही कागदावर जिवंत राहतो, किंवा कागदावर कधी जन्मलेलाच नसतो. हा कारकुनाचा आळस म्हणून सोडून देता येणार नाही. याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपण फार जवळून गुंतलेले आहोत.

गावगाड्यात मृत्यूची बातमी पोहोचवणे हे काम कोणाचे होते? महाराचे. गावात कोणी गेले की येसकर महाराने उठायचे आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन चालू लागायचे. रात्र असो, पाऊस असो, घरात स्वतःचे पोर तापाने फणफणत असो. सरणाची लाकडे त्याने वाहायची. मढ्यावरचे कापड हा त्याचा 'हक्क'. गावात कोण जन्मले, कोण मेले याची खबर चावडीवर देणे हेही महारकीतच आले. लिहिणारा मात्र दुसरा, कुलकर्णी नाहीतर तलाठी. बातमी पायाने आणणारा एक आणि ती लेखणीने वहीत घेणारा दुसरा, अशी ही वाटणी होती. स्वतःच्या वाड्यातल्या मयताची खबर त्याने दिली तर ती कोणत्या अक्षरात, कोणत्या नावाने आणि किती तुच्छतेने लिहायची हे ठरवणे लेखणीवाल्याच्या हाती होते. जुन्या नोंदी पाहताना हे दिसते. एकाचे पूर्ण नाव, बापाचे नाव, आडनाव. दुसऱ्याचे नुसते 'धोंड्या महार'. तिसरी बाई, तर 'अमक्याची बायको'.

१८७४ च्या वतन कायद्याने ही सगळी चाकरी पिढीजात करून ठेवली होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. चोवीस तास राबवून घ्यायचे आणि मोबदला म्हणून बलुत्याचे चार दाणे, हा व्यवहार सरकारने चालू देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर. पण त्याच्या कितीतरी आधी, महाडनंतरच्या काळात, आपल्या आज्या-पणज्यांनी गावोगाव सांगावा न्यायचे नाकारले, मेलेली ढोरे ओढायचे नाकारले आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. ते नाकारणे बरोबरच होते. मात्र त्या चाकरीबरोबर मृत्यूच्या बातमीचा धागाही आपल्या हातातून सुटला. आज आपल्या माणसाच्या मरणाची खबर आपल्याला कोण देते? व्हॉट्सॲपवरचा काळ्या चौकटीतला फोटो. ज्याचा फोटो नाही आणि ज्याचा मोबाइल नंबर बदलला, त्याचे काय?

नाव लिहिले जाण्याचे मोल आपल्या चळवळीला वेगळे शिकवायला नको. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार. स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला, आपल्या सन्मानासाठी नव्हे. तरी दगडावर नावे कोरली होती म्हणूनच १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे उभे राहू शकले. नुसते 'अनेक शिपाई पडले' असे कोरले असते तर आज आपण कोणाला मानवंदना दिली असती?

मृत्यूच्या नोंदीत जात लिहिली की दुसरीही एक गोष्ट उघडी पडते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरातल्या मृत्यूंची जात-धर्मवार आकडेवारी निघाली. युरोपियनांत दर हजारी ८.३ मृत्यू, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९ आणि ज्यांना त्या कागदात 'लो कास्ट' म्हटले आहे त्या हिंदूंत ६१.६. ताप एकच होता. चाळीतली खोली, नळाचे पाणी, डॉक्टर आणि घरी पडून राहण्याची मुभा वेगवेगळी होती. सरकारने हा रकाना काही जातिअंतासाठी ठेवला नव्हता, पण त्याने जे दाखवले ते शंभर भाषणांनी दाखवता आले नसते. आज मृत्यूचा जो अहवाल भरतात त्याचे दोन भाग असतात. धर्म, शिक्षण, व्यवसाय सांख्यिकी भागात जातात आणि दाखल्यावर येत नाहीत. जातीचा रकानाच उरलेला नाही. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्य आहे असे म्हणता येईल. पण गटार साफ करताना गुदमरून मेलेल्या माणसाचा दाखला आणि म्हातारपणी दिवाणखान्यात गेलेल्या माणसाचा दाखला आज अगदी सारखा दिसतो. त्या सारखेपणावर आमचा विश्वास बसत नाही.

आता डहाणू-तलासरीकडे येऊ. इथला मोठा समाज वारली. आम्ही वारली नाही, बौद्ध आहोत, आणि या भागात आम्ही संख्येने थोडे. तेव्हा इथल्या इतिहासावर बोलताना मालकी सांगायची नाही, हे आम्ही आमच्यापुरते ठरवलेले आहे. पण धागे जुळलेले आहेत. शामराव परुळेकर १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले, जानेवारी १९३८ च्या खोतीविरोधी मोर्चात होते, आणि पुढे कम्युनिस्ट होऊन गोदावरी परुळेकरांबरोबर याच जंगलपट्टीत किसान सभेचे काम त्यांनी केले. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने त्याआधीच सरकारला अहवाल दिला होता. जमीनदार म्हणेल तितके दिवस वेठ, नाही म्हटले तर मार, आणि जास्तीत जास्त मजुरी रोजचा एक आणा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही आयुष्यभर साहुकाराचे 'लग्नगडी' होत. २३ मे १९४५ ला झरी इथल्या सभेत वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडायचे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली.

जेठ्या गांगड हे नाव या भागातल्या कोणालाही ठाऊक आहे. उरलेल्या चौघांची नावे आम्ही कासा, चारोटी, सायवन या बाजूच्या कॉलेजच्या पोरांना विचारली. सांगता आली नाहीत. शामराव ३ ऑगस्ट १९६५ ला गेले, गोदावरीताई ८ ऑक्टोबर १९९६ ला, या तारखा एका मिनिटात सापडतात. हा दोष परुळेकरांचा नाही. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक गोदावरीताईंनी लिहिले नसते तर या माणसांबद्दल आपल्याला आज आहे तेवढेही वाचायला मिळाले नसते. दोष हा, की गोळीने मेलेल्या माणसाची नोंद ठेवणे आपण नेत्यांच्या आठवणींवर सोपवले आणि सरकारी वहीचा पिच्छा कधी पुरवला नाही.

तो पुरवायचा म्हटला तर इथे एक वेगळीच गंमत आहे. गंमत म्हणायचे इतकेच, जीव जातो. डहाणू-तलासरीच्या माणसाचा जुना मृत्यू शोधायचा तर आधी विचारावे लागते, तेव्हा तिथे राज्य कोणाचे होते. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्याआधीचा कारभार ठाण्याचा. आजचा तलासरी तालुका पूर्वी उंबरगाव तालुक्यात होता. १ मे १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेला आणि तलासरीची गावे महाराष्ट्रात राहिली. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान. आणि दादरा-नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगीजांची. वारली या सगळीकडे राहतो. त्याची मुलगी हवेलीत दिलेली, भाऊ उंबरगावला, मामा जव्हारला. सीमा त्याने आखल्या नाहीत. पण त्याच्या मृत्यूचा कागद मात्र या सीमांप्रमाणे चार ठिकाणी वाटला गेला.

हे जुने झाले असे समजू नका. आजचा कायदाही हेच करतो. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे होत नाही, जिथे मेला तिथे होते. कासाचा माणूस आजारी पडला तर कासाच्या दवाखान्यातून पुढे पाठवतात. कोणी सिल्वासाला जातो, कोणी वलसाडला, कोणी वापीला, कोणी नाशिक किंवा मुंबईला. तिथे मेला तर नोंद तिथली. नातेवाईक मयत घेऊन रात्रीतून गावी येतात, विधी उरकतात आणि परत त्या शहरात दाखल्यासाठी जायला भाड्याचे पैसे नसतात. गावच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात तो माणूस मेलेलाच नसतो.

आमच्या शोधाची सुरुवात एका हजेरीवहीपासून झाली. २०१२-१३ च्या सुमारास आम्ही शिकत असताना कासापासून आतल्या एका पाड्यावर मोठ्या माणसांचा रात्रवर्ग चालवत होतो. कंदील, एक फळा आणि चाळीसच्या आसपास नावे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वनहक्क दाव्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स आमच्याकडे राहिल्या होत्या. पुढे वर्ग बंद पडला, आम्ही नोकऱ्यांना लागलो, ती माणसे भट्ट्यांवर, बोटींवर, बांधकामांवर पांगली. गेल्या वर्षी दाव्यांचे काम पुन्हा निघाले तेव्हा प्रश्न आला की यातले कोण हयात आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन विकता येत नाही, पण वारसाला मिळते. पट्टा नवराबायको दोघांच्या नावे करायचा असतो. म्हणजे दावेदार मेला असेल तर त्याचा मृत्यू सिद्ध करणे हेच त्याच्या बायकोच्या जमिनीचे पहिले पाऊल ठरते.

आधी पाड्यावर जाऊन विचारले, हे उघड आहे. पण अर्धी घरे हंगामात बंद असतात. दिवाळीनंतर भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतते. काही परतत नाहीत. शेजारी सांगतात, 'तो वारला असेल.' कुठे, कधी, ते सांगता येत नाही. 'असेल' या शब्दावर सरकार काही देत नाही.

मग ग्रामपंचायत. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचे कलम १७ कार्यकर्त्यांनी पाठच करावे. फी भरून कोणीही व्यक्ती रजिस्टरात शोध घ्यायला लावू शकते. मृत्यूचे कारण उताऱ्यात उघड करायचे नाही एवढे पथ्य कायद्याने घातलेले आहे, आणि ते आम्हाला मान्य आहे. एका कार्यालयात आम्हाला विचारले गेले, 'तुम्ही त्याचे कोण?' आम्ही म्हणालो, 'शिक्षक.' 'नातेवाईक आणा.' कलम दाखवले तेव्हा साहेब जेवायला गेले. चौथ्या खेपेला रजिस्टर निघाले. पावसाने चिकटलेली पाने, मधली वाळवीने खाल्लेली.

आणि त्यात नाव शोधायचे कसे? हजेरीवहीत होता 'सोम्या', रजिस्टरात 'सोमा', आधारकार्डावर 'सोमनाथ'. वारल्यांत वारावरून नावे ठेवतात, त्यामुळे एका पाड्यात सोम्या, बुध्या, सुकऱ्या दोन-तीन सापडणारच, आणि आडनावही पाड्यात एकच. बाईच्या बाबतीत तर विचारूच नका. वर्गात ती बापाच्या नावाने लिहिलेली, दाखल्यावर नवऱ्याच्या, आणि दुसरे लग्न झाले असेल तर तिसरेच नाव. बौद्ध कुटुंबांत वेगळा घोळ. धर्मांतरानंतर दगडू, कचरू, धोंडाबाई ही नावे टाकून लोकांनी गौतम, सिद्धार्थ, सुजाता अशी नावे घेतली. ते अभिमानाने केलेले काम होते. पण सत्तर वर्षांच्या आजीचा मृत्यू शोधताना घरच्यांनाच आठवत नाही की रेशनकार्डावर ती कोणत्या नावाने होती. आम्ही आता प्रत्येक नावापुढे चार खुणा लिहितो. सगळी माहीत असलेली नावे, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, अंदाजे वय आणि पाडा. यातल्या तीन जुळल्याशिवाय आम्ही कोणाला मेला म्हणत नाही.

दुसरा कागद मतदार यादी. वगळलेल्या नावांपुढे कारणाचे अक्षर असते. 'ई' म्हणजे मयत, 'एस' म्हणजे स्थलांतरित, 'आर' म्हणजे दुबार. यादी सगळ्यांना पाहता येते, हा तिचा मोठा फायदा. पण हाच कागद सर्वांत फसवा. हजेरीवहीतला एक माणूस यादीत 'ई' लागून गेला होता, आणि आमच्यातल्या एकाला तो चारोटी नाक्यावर रिक्षाची वाट पाहत उभा दिसला. त्याला सांगितले तेव्हा तो आधी हसला. मग विचारू लागला की आता रेशनही बंद होईल का. उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी यांना नातेवाइकांनी जमिनीसाठी कागदावर मारले होते. १९७६ पासून १९९४ पर्यंत अठरा वर्षे ते स्वतःला जिवंत ठरवण्यासाठी भांडले, त्यांनी 'मृतक संघ' काढला. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, त्यातली २२ लाख मयत म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला आयोगाला ती नावे कारणांसह जाहीर करायला सांगितले, आणि यादीत मेलेली काही माणसे त्याआधीच न्यायालयात चालत आली होती. कागद गरिबाला न विचारता मारू शकतो. म्हणून मतदार यादीवरून कोणाच्या घरी जाऊन दुःख व्यक्त करू नका. आधी दुसरा कागद शोधा.

तिसरा कागद तलाठ्याचा. गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवही, आणि तिच्यावरून होणारा फेरफार. जमीनवाला मेला की वारस धावत येतात, त्यामुळे जमीनवाल्याचा मृत्यू महसूल खात्याला पक्का कळतो. आमच्या चाळीस नावांत या वहीत सापडलेली नावे एका हाताच्या बोटांवर मोजता आली. १९४५ पर्यंत इथली बरीच जमीन साहुकारांच्या नावे होती. वारल्याचा आजा फेरफारात मेला नाही, कारण सातबारावर तो कधी जगलाच नव्हता. साहुकाराच्या तीन पिढ्यांचे मृत्यू मात्र तारखेनिशी आहेत. जमीनदारीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या पोरांनी ही वही जरूर वाचावी.

भट्टीवर मेलेल्यांचे काय? कायद्याच्या कलम ८ मध्ये कोणाच्या ठिकाणी मृत्यू झाला तर कोणी कळवायचे याची यादी आहे. घरात घरप्रमुख, दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी, तुरुंगात तुरुंगाधिकारी, धर्मशाळा, लॉज, इतकेच काय ताडीच्या दुकानाचाही उल्लेख आहे. कलम ९ मध्ये चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलदोडा आणि सिंकोनाच्या मळ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली आहे. वीटभट्टी नावानिशी कुठेच नाही, ती 'इतर ठिकाणी'. भट्टीमालक म्हणतो, माझ्याकडे हजेरीपट नाही, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो, ते आपसूक आले होते. बेवारस देह सापडला तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पण त्यात नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५'. आमच्या यादीतला कोणी त्या ओळीत आहे का, हे विचारायला आम्ही दोन पोलीस ठाण्यांत गेलो. तिथे एका हवालदाराने मनापासून मदत केली, हेही सांगितले पाहिजे.

या भागातले बरेच जण गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेष दिसत नाही, बोट पाकिस्तानच्या हद्दीत सापडते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, मच्छीमारांची वेगळी. आपल्या वर्तमानपत्रात पोहोचतो तो आकडा. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक आदिवासी खलाशी त्या तुरुंगात वारला. त्याचा देह गावी यायला महिन्याहून जास्त काळ लागला. अशा घरांसाठी वर्षातून दोनदा येणारी ती यादी हाच जिवंतपणाचा दाखला असतो.

आता कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशासाठी? मेलेला माणूस मेला. एका घरी आम्हाला हेच ऐकायला मिळाले. म्हातारी म्हणाली, तो गेला हे आम्हाला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नसले तर आम्ही काय करणार. तिच्या सुनेला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळत नव्हते, कारण नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही. कुटुंबातला कमावता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून मिळणारे २०,००० रुपयेही नाहीत. तो सिल्वासाच्या दवाखान्यात वारला होता. आम्ही तिथली नोंद शोधली, दाखला आणला. नाव दाखल्यावर एका अक्षराने चुकले होते, त्या अक्षरासाठी आणखी दोन खेपा. पहिला हप्ता जमा झाला तेव्हा म्हातारी काही बोलली नाही, सुनेने मात्र दाखल्याची घडी नीट करून पत्र्याच्या पेटीत ठेवली.

नोंदच झाली नसेल तर उशिराची नोंद करता येते. ३० दिवसांच्या पुढे आणि वर्षाच्या आत जिल्हा पातळीवरची परवानगी लागते. वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, नाहीतर त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तो देतो. माणूसच सापडत नसेल तर सात वर्षांचा नियम. ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षे खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर पडते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होते, नव्या साक्ष्य अधिनियमात १११ आहे. सात वर्षे मोजायची कधीपासून, हे मात्र बाईने सिद्ध करायचे. नवरा हरवल्याची तक्रार पहिल्या वर्षीच पोलिसांत दिली नसेल तर ते सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून आमचे सगळ्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे, माणूस हंगामावरून परतला नाही की तक्रार त्याच महिन्यात नोंदवा. तिची पोच घरच्यांना द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा राज्यभरातली जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणारे आणले गेले, कागद स्कॅन होऊन संकेतस्थळांवर चढले. कोणाला त्यातून काय मिळावे हा वाद वेगळा. आम्हाला त्यातून एवढेच कळले की वाळवीची सबब खरी नसते. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात, पेसा कायदा इथे लागू आहे, ग्रामसभा पाड्याची भरू शकते. त्या ग्रामसभेत वर्षातून एकदा मृत्यूचे रजिस्टर मोठ्याने वाचावे, राहिलेली नावे लोकांनी सांगावीत आणि बाहेर गेलेल्यांची वेगळी यादी करावी, अशी मागणी आम्ही एका पाड्यावर लेखी दिली आहे. लिहिणारा त्याच पाड्याचा हवा, अशी अटही घातली आहे. ठराव अजून व्हायचा आहे.

हजेरीवहीतली बहुतेक नावे आता लागली. जे गेले त्यांच्या पानावर तारीख आणि ठिकाण लिहिले. जे आहेत त्यांचे नवे नंबर घेतले. तीन नावे उरली आहेत. त्यातला एक फळ्यावर स्वतःचे नाव लिहायला सर्वांत आधी शिकला होता, २०१९ च्या दिवाळीनंतर ओखा बाजूच्या बोटीवर गेला आणि त्यानंतर घरी फोन नाही. बोटमालकाचे नाव घरच्यांना माहीत नाही. मतदार यादीत तो अजून आहे. त्याच्या बायकोने पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच सापडली आहे, तारीख जानेवारी २०२०. डहाणू-तलासरीकडून त्या हंगामात ओख्याला गेलेले कोणी तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना विचारून आम्हाला कळवा.